मे महिन्यातला एक शनिवार-रविवार : आंजर्ले, केळशी की मुरुड-कर्दे?

सोनसाखळी
मंडळी, मेच्या सुट्टीत एक शनिवार-रविवार दापोली तालुक्यात काढायचा बेत आहे. पुण्याहून आमची गाडी, माणसं चार : आम्ही दोघं, सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि आठ वर्षांचा मुलगा. शुक्रवारी रजा टाकून निघू, रविवारी जेवून परत.

अट एकच, पळापळ नको. 'दोन दिवसांत अकरा ठिकाणं' छापाच्या याद्या वाचूनच मला धाप लागते. सकाळी समुद्र, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा समुद्र, मध्ये कुणीतरी वाढलेलं जेवण. बास.

प्रश्न असे : तिघांतलं कुठलं गाव घ्यावं? सासूबाईंना उकाडा झेपेल का? मुलाला डुंबायचंय पण पोहता येत नाही, तर समुद्र कितपत भरवशाचा? आणि आंबा नक्की कधीपर्यंत मिळतो?

डोंगरवाट
मुरुड-कर्देला सोय भरपूर, पण शनिवारी किनाऱ्यावर बोटींचे भोंगे, घोडे, मक्याची कणसं आणि कुणाच्या तरी गाडीतलं गाणं. लहान मुलांना ते आवडतं, हेही खरं. तुमची अट वाचून मी आंजर्ले म्हणेन. केळशी त्याहून शांत, पण तिथे राहायच्या जागा कमी, आधी ठरवूनच जा.

रस्ता ताम्हिणी, माणगाव, आंबेत, मंडणगड असा घ्या. मंडणगडहून दापोलीत न शिरताही केळशी-आंजर्ल्याकडे उतरता येतं. रस्ता अरुंद आहे, रात्री नको.

खेकडा_नं_१
मेमध्ये कोकण? हौसेला मोल नाही. अंघोळ करून टॉवेलने पुसता पुसता पुन्हा घाम. त्यापेक्षा जानेवारीत जा, गार वारा, स्वच्छ आकाश, मडक्यात शिजवलेली पोपटीसुद्धा मिळेल.

डोंगरवाट
पोपटी अलिबाग-पेणकडची हो, खेकडेराव. आणि जानेवारीत आंबा कुठला आणणार?

ओटीवरची
खेकडा यांचं सगळंच चूक नाही. पारा चौतिसाच्या आसपासच असतो, पण हवेतला दमटपणा जीव काढतो. पुण्याच्या कोरड्या चाळिशीतली माणसं तिथे जास्त कावतात. मात्र माझं माहेर त्याच पट्ट्यातलं, त्यामुळे सांगते : उकाड्याचं वेळापत्रक असतं, ते पाळलं की त्रास अर्धा होतो.

पहाटे गार असतं. आठ ते साडेदहा सगळ्यात वाईट, कारण रात्रीचे मतलई वारे थांबलेले असतात आणि समुद्राकडून येणारे खारे वारे अजून सुरू झालेले नसतात. नारळाची झावळीसुद्धा हलत नाही. नेमकं त्याच वेळी शहरातले लोक पोटभर नाश्ता करून गड बघायला निघतात आणि मग 'काय हो तुमचं कोकण' म्हणून कपाळ पुसतात. अकरानंतर वारा लागला की ओटीवर पंख्याचीही गरज राहत नाही. म्हणून सहाला समुद्रावर, साडेसातला परत, मऊ भात-मेतकूट-तूप, आणि मग सरळ आडवं व्हायचं.

सासूबाईंसाठी खोली बघताना दोन गोष्टी विचारा. घर कौलारू की स्लॅबचं, आणि आगरात (म्हणजे माडा-पोफळीच्या वाडीत) की रस्त्यावर. स्लॅबची खोली दिवसभर तापते आणि रात्री ती ऊब आपल्याला परत करते. एसी आहे म्हणाले तरी वीज कधी जाईल याचा नेम नाही.

सुकती
राहायच्या जागेची चर्चा खूप होते, तारखेची कुणी करत नाही. सोनसाखळीताई, तुम्ही कुठला शनिवार घेताय त्यावर निम्मी सहल अवलंबून आहे. आधी कॅलेंडरमधली तिथी बघा.

आमच्याकडचा जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पक्ष शुद्ध असो की वद्य. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, दुपारी तीनला भरती, आणि रात्रीची दुसरी त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी पूर्ण. रोज वेळ पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून हा गुणाकार जमतो.

आता हे तुमच्या शनिवारला लावा. पौर्णिमेचा शनिवार असेल तर दुपारी बाराला भरती, संध्याकाळी सहाला पाणी पार आत गेलेलं. ओली, टणक, सपाट वाळू, सासूबाई चपला हातात घेऊन हव्या तितक्या लांब जातील. फेरफटक्याला याहून चांगली संध्याकाळ नाही.

सोनसाखळी
हे माहीतच नव्हतं! मग पौर्णिमेचाच शनिवार घेते. चांदणंही मिळेल.

नाखवा_रिटायर्ड
थांबा ताई. हिशोब बरोबर आहे, पण तुमच्याबरोबर पोहता न येणारं पोर आहे.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण. भरती मोठी तशी ओहोटीही मोठी. मुंबईला उधाणाच्या भरतीचं पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, आमच्या दाभोळ-हर्णैकडे त्याहून कमी, पण ओढ कमी समजू नका. बाराला भरलेलं पाणी सहापर्यंत उतरतं आणि त्यातही मधल्या दोन तासांत, म्हणजे दोन ते चार, सगळ्यात जोरात उतरतं. पर्यटक काय करतो? दीडला सुरमईचं ताट, थोडी सुस्ती, आणि तीनला पाण्यात. पाणी घोट्यापासून गुडघ्यावर येतं तोवर मजा वाटते. पायाखालची वाळू सरकायला लागली की मग लक्षात येतं.

पोराला डुंबवायचं असेल तर अष्टमी ते एकादशीतला शनिवार घ्या. अष्टमीला भांग असतो, भरती-ओहोटी दोन्ही जेमतेम. आणि भरतीची वेळ संध्याकाळी सहा ते आठ, म्हणजे चार-साडेचारला पाणी चढत असतं. चढतं पाणी माणसाला किनाऱ्याकडे ढकलतं, उतरतं आत नेतं. डुंबायचं ते चढत्या पाण्यात, हे गावातल्या पोराला सांगावं लागत नाही.

तरी दोन पथ्यं. खाडीच्या तोंडाशी अजिबात उतरू नका. आंजर्ल्याला जोग नदी मिळते तिथे, केळशीला भारजा मिळते तिथे. तिथली ओढ तिथीला जुमानत नाही. आणि मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात भांग असला तरी लाट अंगावर येते, वारा फिरायला लागलेला असतो. पोराच्या कमरेपर्यंत पाणी, हात तुमच्या हातात, एवढंच.

सुकती
नाखवाकाकांशी सहमत. डुंबायचं म्हटल्यावर मी पौर्णिमा सुचवलीच नसती, मी फिरण्याचं बोलत होतो. आणि हो, गुणाकार हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो. फोनवर भरती-ओहोटीचं कोष्टक मिळतं, ते ताडून घ्या.

खेकडा_नं_१
म्हणजे आता सहलीला जायचं तर आधी भटजींना विचारायचं. छान.

नाखवा_रिटायर्ड
भटजींना नको, कोळणीला विचारा. ती तुम्हाला मिनिटासकट सांगेल आणि वर दोन बांगडेही विकेल.

पाखाडी
मी त्याच पट्ट्यात घरगुती राहायची सोय चालवतो. नाव-पत्ता इथे टाकत नाही, जाहिरात व्हायला नको. यजमानाच्या बाजूने थोडं बोलतो.

पहिलं पाणी. मेमध्ये विहिरी तळाला गेलेल्या असतात. समुद्रावरून आल्यावर बाहेरच्या नळावर पाय आणि कपडे धुऊन आत आलात तर घरातली बाई तुम्हाला दुवा देईल. शॉवरखाली वाळू सोडली की मोरी तुंबते आणि रविवारी प्लंबर मिळत नाही.

दुसरं जेवण. आमच्याकडे हॉटेलचं कार्ड नसतं. मोदक हवेत तर आदल्या रात्री सांगा, नारळ खवण्यापासून सगळं हातानेच असतं. मासळी हवी तर सकाळीच, कारण काय मिळालं ते बाजारातच कळतं. बारा वाजता येऊन 'पापलेट आहे का' असं विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा 'डाळ आहे' असं येतं.

तिसरं गाडी. कृपा करून किनाऱ्यावर घालू नका. मनाई आहे, पोलीस कारवाई करतात, हा एक भाग. भरती आली की ट्रॅक्टर शोधत गावभर फिरावं लागतं, हा दुसरा. तिसरा जास्त महत्त्वाचा. वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन संवर्धनाचं काम उभं केलं, त्याचं बघून बाकीची गावं पुढे आली. मेपर्यंत हंगाम सरत येतो, पण उशिराचं एखादं घरटं असू शकतं आणि चाकाखालच्या वाळूत काय आहे ते वरून दिसत नाही.

बाकी या, मजेत राहा. एक मात्र आधीच सांगतो. जुन्या फोटोंतली गर्द आगरं डोक्यात ठेवून येऊ नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्याकडच्या माडा-पोफळीची रांगच्या रांग आडवी झाली. लावलेली पोफळ धरायला पाच-सात वर्षं घेते, माड त्याहून जास्त. आता कुठे पुन्हा सावली पडायला लागली आहे.

ओटीवरची
पाखाडीदादा, आमच्या काकांच्या आगरातून तेव्हा थेट समुद्र दिसायला लागला होता. आजी म्हणाली, एवढं आयुष्य गेलं, ओटीवरून लाट दिसली नव्हती.

मासेखाऊ_शाकाहारी
हर्णैचा लिलाव चुकवू नका, मासे खात नसलात तरी. आंजर्ल्याहून आडखळच्या पुलावरून थोड्याच वेळात पोचाल. पूर्वी हा पूल नव्हता, खाडी तरीतून ओलांडायला लागायची. संध्याकाळी होड्या लागतात, वाळूवरच टोपल्या ओतल्या जातात आणि भाव बोटांवर आणि भुवयांवर ठरतो. होडीतून किनाऱ्यापर्यंत मासळी आणायला बैलगाड्या पाण्यात घालायची इथली जुनी रीत. बैल पोटाइतक्या पाण्यात रवंथ करत उभे असायचे. तुमच्या मुलाला त्यातलं एवढं बघायला मिळालं तरी वॉटरस्पोर्ट्स विसरेल.

किरकोळ घ्यायचं तर लिलावात तोंड घालू नका, बाजूला बायका वाटे लावून बसतात त्यांच्याकडून घ्या. आणि जूनमध्ये जाऊन ताजी सुरमई मागू नका : १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. मेअखेरीला होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारायला सुरुवात होते, तेही बघण्यासारखं असतं.

गाडीलोहार
लिलाव बघितला की समोरच सुवर्णदुर्ग दिसतो. पाणी शांत असेल तर हर्णैहून होडी जाते. आत सावली फारशी नाही, सासूबाईंना नेऊ नका. किनाऱ्यावरच्या कनकदुर्गाच्या दीपगृहापाशी उभं राहिलं तरी तो पूर्ण नजरेत मावतो. १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, आणि त्यात पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. आपल्याच हाताने आपलं आरमार बुडवलं, याचा राग मला आजही येतो. विषयांतर झालं, माफी.

टेम्सकाठचा_बंड्या
विषयांतरात भर घालतो. त्याच जेम्सच्या बायकोने तो वारल्यावर १७८४ मध्ये लंडनला शूटर्स हिलवर एक तिकोनी बुरूज बांधला, नाव सेव्हर्नड्रूग कासल. सेव्हर्नड्रूग म्हणजे आपलं सुवर्णदुर्गच, गोऱ्यांच्या तोंडून. मी दक्षिण-पूर्व लंडनमध्ये राहतो, रविवारी कधी तिथे चहा प्यायला जातो. शेजारी कुत्रा फिरवणाऱ्या आजोबांना सांगितलं की मूळ किल्ला माझ्या आजोळहून दिसतो, तर त्यांना ती थापच वाटली.

ताई, आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला जाल तेव्हा देवळाबाहेरून समुद्राकडे बघा, तोच सुवर्णदुर्ग तिथूनही दिसतो. गणपती उजव्या सोंडेचा. वरपर्यंत गाडी जाते, सासूबाईंना दगडी पायऱ्यांची वाट चढायला नको.

रायवळ
आंब्याचं कुणीच नीट सांगितलं नाही, म्हणून मी.

हापूसचा मुख्य माल एप्रिल ते मेचा मध्य. त्यानंतर झाडावर उरलेला बराचसा कॅनिंगला जातो, भाव उतरतो आणि खाणाऱ्याची चैन होते. पण धोकाही वाढतो. उन्हाने आत साका धरतो, वरून आंबा देखणा आणि कापला की मध्ये पांढरी, रबरासारखी गाठ. म्हणून पेटी घेताना बागवाल्याला एक-दोन कापून दाखवायला सांगा, खरा बागवाला नाही म्हणत नाही. पाऊस पडला की खेळ संपला. आणि पाऊस हल्ली तारीख पाळत नाही, २०२५ मध्ये मान्सून मुंबईत २६ मेलाच हजर होता. त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर विसंबू नका.

पण माझं म्हणणं, हापूसची पेटी पुण्यातही मिळते. तिथे जाऊन रायवळ, म्हणजे गावठी आंबे खा. सकाळी झाडाखाली पडलेले वेचायचे, बादलीभर पाण्यात टाकून ठेवायचे म्हणजे उष्णता उतरते आणि चीकही निघतो. दुपारी ओटीवर बादली मध्ये घेऊन बसायचं. देठाकडचा पहिला थेंब पिळून टाकून द्यायचा, नाहीतर ओठ उततात. मग हलक्या हाताने माचवायचा आणि तोंड लावायचं. एकाची चव दुसऱ्याला नसते. कुठला शेपूसारखा वास मारतो, कुठला नुसता साखर, कुठला असा आंबट की डोळे मिटतात. आठ वर्षांच्या पोराला शर्ट काढूनच बसवा. ताटली, सुरी, काटा असलं काही मध्ये आणू नका.

जोडीला बरक्या फणसाची सांदणं मिळाली तर नारळाच्या दुधाबरोबर. रातांबेही तेव्हाच पिकतात, घरोघरी आमसुलं वाळत पडलेली असतात. आगळ, म्हणजे रातांब्याचा रस, विकत घ्यायचं तर अशा घरातून घ्या, रस्त्यावरच्या लालभडक बाटल्यांतलं नको.

खेकडा_नं_१
हे वाचून तोंडाला पाणी सुटलं, तरी मी जानेवारीवर ठाम आहे.

ओटीवरची
असा ठाम की दर मेमध्ये बहिणीकडे गुहागरला जाता. मागच्या धाग्यात तुम्हीच लिहिलं होतंत :)

खेकडा_नं_१
नाइलाज असतो हो. भाच्याची मुंज, कुणाची पूजा...

मुक्कामपोस्ट_डोंबिवली
गाडी नसलेल्यांसाठी : कोकण रेल्वेने खेड गाठायचं, तिथून दापोलीला एसटी, दापोलीहून आंजर्ले-केळशीच्या गाड्या. रात्रीची कोकणकन्या खेडला अडनिड्या वेळी पोचवते, त्यापेक्षा सकाळची मांडवी बरी. सुट्टीत आरक्षण लवकर भरतं, हे वेगळं सांगायला नको. दापोली बरीच उंचावर आहे, कृषी विद्यापीठ तिथेच. उकाडा अगदीच झेपेना तर मुक्काम दापोलीत आणि समुद्र येऊन-जाऊन, हाही पर्याय आहे. पण मग लाटेच्या आवाजात झोपण्यातली गंमत गेली.

सोनसाखळी
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. घरात चर्चा होऊन असं ठरलंय : आंजर्ले, कौलारू घर, मेच्या पहिल्या पंधरवड्यात दशमीचा शनिवार. म्हणजे साडेसातला भरती, साडेचार ते साडेसहा डुंबणं. गणपती पहाटे, उकाड्याच्या आत. हर्णै शुक्रवारी संध्याकाळी जाता जाताच. केळशीची वाळूची टेकडी आणि मुरुडला महर्षी कर्व्यांचं गाव पुढच्या खेपेला.

सासूबाईंनी हा सगळा धागा मोठ्याने वाचून घेतला. त्यांना फक्त सांदणात रस आहे. आणि दशमी धरली तर रविवारी एकादशी येते, त्यांचा उपास. रविवारचं जेवण कसं करायचं?

पाखाडी
यजमानांना आजच कळवून ठेवा. वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी कुठल्याही घरात होते. सांदणं मात्र तांदळाच्या रव्याची, ती शनिवारीच करायला सांगा. फणस मी म्हणतो म्हणून पिकत नाही, तेव्हा आठवडाभर आधी पुन्हा एक फोन करा.

नाखवा_रिटायर्ड
आणि शुक्रवारी पुणं पहाटे सोडा. हर्णैचा लिलाव तुमच्यासाठी थांबणार नाही.